तेवढाच टॅक्स वाचतो!

वस्तू आवडली म्हणून विकत घेणं हे मराठी मध्यमवर्गात अजूनही नीटसं सभ्य मानलं जात नाही. मोठा टीव्ही क्रिकेटसाठी येत नाही. आईला मालिका नीट दिसाव्यात म्हणून येतो. लॅपटॉप मुलांच्या अभ्यासासाठी येतो आणि रात्री अकरानंतर बाबा त्यावर अभ्यास करतात. एसी बाळाला घामोळं येतं म्हणून, नवा फ्रिज जुना लाइट जास्त खातो म्हणून आणि नवा मोबाइल जुना हँग होतो म्हणून. पण या सगळ्या सबबींची महाराणी एकच. ती उच्चारली की घरातला विरोध मावळतो, शेजारी गप्प होतात आणि घेणाऱ्याचा स्वतःचाही जीव भांड्यात पडतो. ‘अहो, तेवढाच टॅक्स वाचतो!’

या मंत्राचे आमच्या भागातले प्रमुख प्रवक्ते म्हणजे आमच्या सोसायटीचे खजिनदार. खासगी कंपनीत बरीच वर्षं काढून ते आता कन्सल्टंट झाले आहेत. कशाचे, ते कार्डावर लिहिलेलं नाही. त्यांनी आजवर घेतलेली एकही वस्तू त्यांच्या मते महाग पडलेली नाही, कारण प्रत्येकीने कर वाचवलेला आहे. मार्च जवळ आला की जिन्यात, पार्किंगमध्ये, अगदी मयताच्या घरीसुद्धा लोक त्यांना बाजूला घेऊन सल्ला विचारतात. ही शिकवण सोसायटीच्या आवारात कोंडून राहू नये, म्हणून इथे जनहितार्थ देत आहोत. आकडे खरे आहेत. छाती ज्याची त्याने आणावी.

सूत्र पहिलं : आधी वस्तू ठरवा, कलम नंतर शोधा

साधा पगारदार आधी कायदा बघतो आणि तिथेच हरतो. ८०सी कलमात दीड लाखापर्यंत वजावट मिळते, हे २०१४ पासून घरोघरी पाठ आहे. त्यात विम्याचा हप्ता आहे, पीपीएफ आहे, गृहकर्जाचं मुद्दल आहे, दोन मुलांची ट्यूशन फी आहे. मोबाइल नाही. १९६१ साली आयकर कायदा झाला तेव्हा मोबाइलच नव्हता, हे आपण मोठ्या मनाने समजून घेऊ. पण २०२५ मध्ये संसदेने अख्खा कायदा नव्याने लिहिला, कलमं ८१९ वरून ५३६ वर आणली, ८०सीची रवानगी १२३ क्रमांकावर केली, आणि तरीही मोबाइलला जागा मिळाली नाही. एवढी कलमं उठून गेल्यावर मोकळी झालेली जागा कुणाला दिली, असा खजिनदारांचा रास्त सवाल आहे.

मलेशियाचा दाखला ते नेहमी देतात. तिथल्या आयकरात पुस्तकं, इंटरनेट, संगणक, स्मार्टफोन, टॅबलेट यांच्या खर्चापोटी मिळून २,५०० रिंगिटपर्यंत वजावट मिळते. वर अट अशी, की वस्तू स्वतःसाठीच वापरायची, धंद्यासाठी नाही. आपल्याकडे नेमकं उलटं. स्वतःसाठी घेतली तर काही नाही, धंद्यासाठी घेतली तरच काय ते. त्यामुळे मलेशियातला माणूस मोबाइल घेऊन मोकळा होतो आणि आपल्याला मोबाइलच्या आधी धंदा काढावा लागतो.

सूत्र दुसरं : वजावट आणि सूट यांत भेद करू नका

उत्पन्नातून वजावट मिळणं वेगळं आणि किमतीत सूट मिळणं वेगळं, असं काही किरकिरे लोक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. खजिनदारांचा हिशोब सरळ आहे. तीस टक्क्यांचा स्लॅब, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. लाखाचा लॅपटॉप धंद्याच्या खर्चात दाखवला की ३१,२०० रुपये कर वाचला. म्हणजे लॅपटॉप पडला ६८,८०० ला. वीस टक्केवाल्यांचे २०,८०० वाचतात, म्हणून त्यांनी जास्त महागाचा घ्यावा.

लॅपटॉप घेतलाच नाही तर काय होईल, हा प्रश्न आम्ही एकदा भीत भीत विचारला. हिशोब तोच. लाखावर ३१,२०० कर भरायचा आणि ६८,८०० बँकेत राहतात. खजिनदारांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आम्ही जेवणाच्या ताटावर उपासाचा विषय काढला होता. हा दुसरा पर्याय अर्थसल्ल्याच्या पुरवण्यांमध्येही सहसा छापून येत नाही. त्याच्या शेजारी जाहिरात मिळत नाही.

सूत्र तिसरं : सुवर्णयुगाचं स्मरण ठेवा

फ्रिज घेतल्यावर खरोखर कर वाचत होता, असंही एक युग या देशात होऊन गेलं. ते साडेपाच महिने टिकलं. करोनामुळे प्रवास बंद होता आणि लोकांचा प्रवासभत्ता, म्हणजे एलटीसी, पडून होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, की प्रवास केला नाही तरी चालेल, खरेदी करा. आधी ही मुभा केंद्रीय कर्मचाऱ्यांना होती. त्याच महिन्याच्या अखेरीस इतर नोकरदारांनाही मिळाली.

अटी अशा. भत्त्याच्या तिप्पट खर्च करायचा. माणशी ३६,००० पर्यंतची रक्कम करमुक्त. पैसे रोखीने द्यायचे नाहीत. ३१ मार्च २०२१ च्या आत सगळं उरकायचं. आणि वस्तू अशी घ्यायची, की जिच्यावर १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी आहे. तांदूळ, दूध, पुस्तकं घेऊन कर वाचत नव्हता, कारण त्यांच्यावर पुरेसा कर नव्हता.

चौघांच्या कुटुंबाला १,४४,००० रुपये करमुक्त करून घ्यायचे तर ४,३२,००० खर्च करणं भाग. खजिनदार मागे हटले नाहीत. फ्रिज आला, वॉशिंग मशिन आलं, ५५ इंची टीव्ही आला, मुलांना एकेक लॅपटॉप आला. तरी बेरीज भरेना, तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डिशवॉशर आलं. घासलेली भांडी ठेवायला ते आजही उपयोगी पडतं. एकूण कर वाचला ४४,९२८ रुपये.

आता उरलेला हिशोब. ४,३२,००० च्या खरेदीत सगळ्यात कमी, म्हणजे १२ टक्के जीएसटी धरला, तरी तो ४६,२८६ रुपये होतो. लॅपटॉप-फ्रिजवरचा १८ टक्के धरला तर ६५,८९८. मोठ्या टीव्हीवर आणि डिशवॉशरवर तेव्हा २८ टक्के होता, तो सोडून देऊ. थोडक्यात, सरकारने एका खिशात ४४,९२८ घातले आणि दुसऱ्या खिशातून त्याहून जास्त काढले. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा खजिनदारांचे डोळे भरून आले. ‘म्हणजे माझ्यामुळे देशाचंही भलं झालं!’

सूत्र चौथं : कंपनी देईल ते घ्या (हे खजिनदारांना मान्य नाही)

कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी वापरला तरी त्याची किंमत आपल्या पगारात धरत नाहीत. कंपनी भरते ते मोबाइलचं बिलही धरत नाहीत. कंपनीने सोफा वापरायला दिला, तर मात्र त्याच्या किमतीचे १० टक्के दरवर्षी उत्पन्नात मिळवले जातात. बसणं हे काम नाही, असं आयकर खात्याचं मत दिसतं.

नोकरी सोडताना तोच लॅपटॉप आपल्याला विकला, तर दर पूर्ण वर्षाला त्याची किंमत निम्मी धरतात. ८०,००० चा लॅपटॉप दोन वर्षांनी २०,००० चा. कंपनीने तो ५,००० ला दिला, तर वरचे १५,००० पगारात जमा. तरीही पगारदाराला गॅजेटवर मिळणारी सगळ्यात भक्कम सवलत हीच आहे, कारण यात वस्तू मुळात विकत घ्यावी लागत नाही. खजिनदार नेमके याच कारणासाठी ती सवलत मानत नाहीत.

सूत्र पाचवं : पंचांग आणि घसारा एकत्र वाचा

खजिनदार नोकरी सोडून कन्सल्टंट झाले ते घसाऱ्यासाठी. व्यवसायाच्या संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. मोबाइलवर १५. खिशातला मोबाइल टेबलावरच्या संगणकाच्या चौपट राबत असला, तरी नियमांच्या लेखी तो साधी यंत्रसामग्री. पंगत लेथ मशीनच्या शेजारी.

पण खरी गोम पुढे आहे. वस्तू घेतली त्या वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्मा. म्हणजे ३ ऑक्टोबरपर्यंत ती आणून चालू करायला हवी. इथे आपले साडेतीन मुहूर्त आणि आयकर खातं समोरासमोर येतात. अक्षय्य तृतीया वर्षाच्या सुरुवातीलाच येते, तिचं पुण्य पूर्ण. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला आला, सोनं लुटलं पण घसारा निम्माच. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, एक दिवस हाताशी ठेवून, आला आणि पूर्ण घसारा देऊन गेला. दिवाळीचा पाडवा कधीच वेळेत येत नाही. अर्धा मुहूर्त, अर्धा घसारा. इथे शास्त्र आणि कायदा यांचं एकमत आहे.

कळस गाठला तो २०२५ च्या गुढीपाडव्याने. तो ३० मार्चला आला, आर्थिक वर्ष संपायला दोन दिवस असताना. खजिनदारांनी सकाळी गुढी उभारली, दुपारी लॅपटॉप आणला, संध्याकाळी स्वतःलाच एक कामाचा ई-मेल पाठवला. दोन दिवसांच्या वापरावर २० टक्के घसारा! श्रीखंड त्या दिवशी वेगळंच लागलं म्हणतात.

जुलैमध्ये सीएने फाइल उघडली आणि शांतपणे सांगितलं, की तुमचं रिटर्न ४४एडीए खाली जातं. ही सोय ठरावीक व्यावसायिकांसाठी आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, असेल तर निम्मी जमा नफा धरायची आणि हिशोबाच्या वह्यांतून सुटायचं. मात्र सगळा खर्च, घसाऱ्यासकट, उरलेल्या निम्म्यात आला असं कायदा समजतो. लॅपटॉप घेतला तरी कर तेवढाच आणि न घेतला तरी तेवढाच. खजिनदारांनी बिल परत फाइलमध्ये लावलं आणि फाइलवर लाल शाईने ‘महत्त्वाचे’ असं लिहिलं.

सूत्र सहावं : घरात एक जीएसटीवाला मेव्हणा असावा

मुलीच्या घरचे शिकलेले आहेत का, हे पूर्वी पाहत. आता जीएसटी नंबर पाहावा. खजिनदारांच्या मेव्हण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे; खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. वस्तूचं बिल त्याच्या फर्मच्या नावाने फाडलं की जीएसटीचं क्रेडिट त्याला मिळतं आणि वस्तू यांच्या दिवाणखान्यात येते. असा एक ६५ इंची टीव्ही त्यांच्याकडे आहे. कागदोपत्री तो दुकानात बिजागऱ्यांचे प्रकार दाखवण्यासाठी घेतलेला आहे.

कायद्याप्रमाणे हे क्रेडिट धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूवरच मिळतं. बिजागऱ्यांच्या दुकानाला एवढा टीव्ही कशाला, असं एखाद्या अधिकाऱ्याला वाटलंच, तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं आणि दंड वेगळा. पण ते पुढचं. टीव्ही बिघडला तेव्हा वॉरंटी फर्मच्या नावावर, म्हणून दुरुस्तीवाला दुकानात गेला. टीव्ही टेम्पोत घालून दुकानात न्यावा लागला. आणि मेव्हण्याची वसुली तर सरकारपेक्षा कडक. दर गणपतीत, भर आरतीनंतर, दहा माणसांत तो विचारतो, ‘काय भावजी, आमचा टीव्ही कसा चाललाय?’

सूत्र सातवं : व्याज नसलेलं कर्ज काढा

गृहकर्जाच्या व्याजावर वजावट मिळते. त्यामुळे हप्ता म्हटला की कर वाचतो, अशी एक पवित्र समजूत आपल्यात रुजली आहे. हौसेच्या मोबाइलचा हप्ता कुठल्याच कलमात बसत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला तेवढी एकदा वजावट होती, वर्षाला दीड लाखापर्यंत, पण १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जालाच. खजिनदारांनी चांगला दिवस बघून एप्रिल २०२३ मध्ये स्कूटर घेतली.

राहिला नो कॉस्ट ईएमआय. ६०,००० चा मोबाइल, सहा हप्ते, महिन्याला १०,०००. एक पैसाही जास्त नाही. आतली गंमत अशी, की बँक आपल्याला १६ टक्के दराने व्याज लावतेच, ते साधारण २,७०० रुपये होतं. दुकान तेवढी रक्कम आधीच किमतीतून कमी करतं, म्हणून बेरीज जुळते. पण बँकेने लावलेल्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बसतो, सुमारे ४८६ रुपये. म्हणजे व्याज शून्य, शून्यावरचा जीएसटी मात्र ४८६. शिवाय १९९ रुपयांचं प्रक्रिया शुल्क असेल तर जीएसटीसकट २३५. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला एकरकमी पैसे टाकून घासाघीस केली असती तर जे सुटले असते, ते यात धरलेलं नाही.

शून्य टक्के व्याज ही चीज अस्तित्वातच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. त्यावर बाजाराने शून्य काढून टाकलं आणि ‘नो कॉस्ट’ लिहिलं. खजिनदारांकडे सध्या असे चार हप्ते चालू आहेत. एकाचीही कॉस्ट नाही. चारांची मिळून आहे.

आणि मग आलं संकट

एवढं सगळं सुरळीत चालू असताना सरकारने नवी करप्रणाली आणली. २०२० च्या अर्थसंकल्पात ती नुसता पर्याय होती, २०२३-२४ पासून न मागता लागू होऊ लागली. तिच्यात ८०सी नाही, एलटीसी नाही, घरभाडं नाही. २०२५-२६ पासून तर तिच्यात १२ लाखांपर्यंत करच नाही. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही.

बाहेरच्यांना वाटलं, मध्यमवर्ग आनंदाने नाचेल. पण घराघरांत काय झालं ते कुणी पाहिलं नाही. नवरा नवा मोबाइल घेऊन येतो. बायको म्हणते, ‘कशाला घेतला?’ तो सवयीने तोंड उघडतो आणि तसाच थांबतो. कर नाहीच, तर वाचवला काय म्हणून सांगायचा? उरतं एकच उत्तर, ‘हवा होता म्हणून घेतला.’ चार शब्द. पण ते उच्चारायला जे धैर्य लागतं, ते कुठल्याच कलमात मिळत नाही.

खरं म्हणजे या सबबीची किंमत आपण वर्षानुवर्षं भरत आलो आहोत. करबचतीचं नाव पुढे केलं की वस्तू हवी आहे का आणि परवडते का, हे दोन्ही प्रश्न विचारायचे राहून जात. सवलतीचा एक रुपयाही मिळाला नसता तरी घेतली असती, तीच वस्तू घ्यावी. मग सवलत मिळाली तर ती वरचा नफा. हे आम्ही सोसायटीच्या फलकावर लावायचं ठरवलं होतं, पण फलकाची किल्ली खजिनदारांकडे असते.

खजिनदारांनी त्या काळात दोन महिने काहीही खरेदी केलं नाही. घरचे घाबरले, डॉक्टर झाले. अखेर सरकारलाच दया आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइल आणि लॅपटॉप होते तिथेच, १८ वर राहिले. खुद्द पंतप्रधानांनी याला ‘बचत उत्सव’ म्हटलं आणि खजिनदारांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

मूळ ५०,००० चा एसी पूर्वी ६४,००० ला पडायचा, आता ५९,००० ला. म्हणजे दर एसीमागे ५,००० ची बचत. दोन बेडरूममध्ये दोन एसी आधीचेच चालू आहेत, म्हणून त्यांनी हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघरात एक असे आणखी दोन बसवून घेतले. घटस्थापना ते दसरा एवढ्यात दहा हजारांची घसघशीत बचत झाली. सोसायटीच्या मेंटेनन्स थकबाकीदारांची नवी यादी परवा लिफ्टशेजारी लागली. पहिलं नाव खजिनदारांचं आहे, आणि यादीखाली सहीही त्यांचीच आहे.